ढेकणाच्या सोंडेतील विष: ते काय करते आणि त्याचा काय उपयोग होऊ शकतो

ढेकूण चावतो असे आपण म्हणतो. पण चावण्यासाठी लागणारे जबडे त्याच्याकडे नसतातच. त्याच्या पूर्वजांचे जबडे कोट्यवधी वर्षांच्या उत्क्रांतीत लांबत, बारीक होत गेले आणि त्यांच्या केसासारख्या चार सुया बनल्या. या सुया सोंडेसारख्या एका आवरणात बसवलेल्या असतात. बाहेरच्या दोन सुया त्वचा, कवच किंवा पान भेदण्याचे काम करतात. आतल्या दोन एकमेकींत अशा घट्ट अडकलेल्या असतात की त्यांच्यामध्ये दोन समांतर नळ्या तयार होतात. एका नळीतून लाळ बाहेर सोडली जाते आणि दुसरीतून द्रवरूप अन्न आत ओढले जाते. घन पदार्थ खाण्याची सोयच नसल्यामुळे या कीटकांना जे काही खायचे असेल ते आधी द्रवरूपात मिळवावे लागते किंवा स्वतः द्रवरूप करून घ्यावे लागते. त्यांच्या विषाची सगळी कहाणी या एका अडचणीतून सुरू होते.

कीटकशास्त्रात अशी सोंड असलेल्या कीटकांना हेमिप्टेरा, म्हणजे अर्धपंखी गण, असे म्हणतात. मावा, तुडतुडे आणि पिठ्या ढेकूण हेही याच गणातले. मात्र या लेखाचा विषय त्यातील हेटेरोप्टेरा हा उपगण आहे, कारण विषाच्या दृष्टीने खरी विविधता तिथे दिसते. या उपगणात ४०,०००हून अधिक जाती ज्ञात आहेत. अंथरुणातला ढेकूण, कपाशीवरचा लाल ढेकूण, हात लावताच उग्र वास सोडणारे हिरवे ढेकूण, पाण्याच्या पृष्ठभागावर धावणारे लांब पायांचे कीटक, तळ्यात बेडकांची शिकार करणारे तळहाताएवढे ढेकूण आणि इतर कीटकांना मारून त्यांचा रस पिणारे ‘असॅसिन बग’ म्हणजे मारेकरी ढेकूण, हे सारे एकमेकांचे नातेवाईक आहेत. कोणी झाडाचा रस पितो, कोणी रक्त, तर कोणी शिकारीचे विरघळवलेले मांस.

यांच्या लाळेला विष म्हणावे का, हा प्रश्न रास्त आहे. जखम करून दुसऱ्या प्राण्याच्या शरीरात सोडलेला आणि त्या प्राण्याच्या शरीरक्रियेत सोडणाऱ्याच्या फायद्याचा बदल घडवणारा स्राव म्हणजे विष, अशी व्याख्या आज अनेक जीवशास्त्रज्ञ मानतात. या व्याख्येत मारेकरी ढेकणाचा स्राव कोणत्याही शंकेविना बसतो. रक्तपिपासू ढेकणाच्या लाळेबद्दल मतभेद आहेत, कारण ती भक्ष्याला मारत नाही आणि बहुतेक वेळा दुखवतही नाही. तरीही तिच्यातील प्रथिने यजमानाचे, म्हणजे ज्याचे रक्त ढेकूण पितो त्या प्राण्याचे, रक्त गोठू देत नाहीत, त्याच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि वेदनेची जाणीव दाबतात. म्हणजे यजमानाच्या शरीरात बदल घडवतात आणि त्याचा लाभ कीटकाला होतो. मला व्यापक व्याख्या अधिक योग्य वाटते, कारण तिच्यामुळे एकाच लालाग्रंथीने वेगवेगळ्या आहारांसाठी किती वेगवेगळी रसायने घडवली हे एका नजरेत पाहता येते.

शिकार स्थिर करणे आणि विरघळवणे

मारेकरी ढेकणांचे कुटुंब रेड्युव्हिडी या नावाने ओळखले जाते. त्यांच्या विषाचा पहिला सविस्तर अभ्यास जॉन एडवर्ड्स यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी निवडलेली जात आफ्रिकेतील प्लॅटिमेरिस रॅडमँथस ही होती. ही जात संशोधकाच्या फार सोयीची आहे, कारण डिवचल्यावर ती सोंडेतून लाळेची चिळकांडी सुमारे ३० सेंटिमीटरपर्यंत उडवते आणि त्यामुळे स्राव गोळा करणे सोपे जाते. (ही लाळ डोळ्यात किंवा नाकात गेली तर तीव्र वेदना होतात आणि सूज येते, त्यामुळे सोय आणि जोखीम इथे एकत्रच येतात.) एडवर्ड्स यांना या लाळेत प्रथिनांचे तुकडे करणारी प्रभावी एन्झाइमे, पेशींमधील जोडणारा पदार्थ सैल करणारे हायलुरोनिडेझ आणि थोड्या प्रमाणात पेशींच्या पटलावर हल्ला करणारे फॉस्फोलिपेझ आढळले. भेदलेले झुरळ काही सेकंदांतच धडपड थांबवत असे.

स्रावाला इथे दोन कामे करायची असतात आणि दोहोंचा वेग अगदी वेगळा आहे. पहिले काम शिकार स्थिर करण्याचे. नाजूक सुया भक्ष्याच्या शरीरात खुपसलेल्या असताना ते भक्ष्य झटापट करत राहिले, तर सुया मोडू शकतात. शिवाय भक्ष्य अनेकदा शिकाऱ्याहून मोठे असते. म्हणून लकवा काही सेकंदांत यावा लागतो. दुसरे काम पचनाचे. भक्ष्याच्या कवचाआतील स्नायू, चरबी आणि इतर अवयव विरघळून शोषण्याजोगा द्रव तयार व्हावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. जेवण संपते तेव्हा भक्ष्याचे कवच बाहेरून जसेच्या तसे, पण आतून रिकामे उरते.

ऑस्ट्रेलियातील प्रिस्थेसँकस प्लॅजिपेनिस या मारेकरी ढेकणाच्या विषाचा आधुनिक तंत्रांनी तपास झाला तेव्हा त्यात शंभराहून अधिक प्रकारची प्रथिने सापडली. त्यातील मोठा वाटा प्रथिने तोडणाऱ्या एन्झाइमांचा होता. पेशींच्या पटलाला छिद्रे पाडणारी ‘रेड्युलायसिन’ नावाची प्रथिनेही त्यात होती. असे तपास पूर्वी जवळजवळ अशक्य होते, कारण एका कीटकाकडून मिळणारे विष मायक्रोलिटरमध्ये मोजावे लागते. सापाचे विष काढून अभ्यासण्याची परंपरा जुनी आहे, तर ढेकणाचे विष उपेक्षित राहिले, याचे कारण त्याचे महत्त्व कमी होते असे नाही. अभ्यासाला पुरेल एवढे ते हातातच येत नव्हते. ग्रंथीतील कोणती जनुके सक्रिय आहेत हे वाचणारी तंत्रे आणि अतिसूक्ष्म नमुन्यातील प्रथिने ओळखणारी मास स्पेक्ट्रोमेट्री यांमुळे ही अडचण गेल्या काही वर्षांत बरीच दूर झाली.

याच जातीवर क्वीन्सलँड विद्यापीठातील संशोधकांनी केलेले एक काम मला या विषयातील सर्वांत सुंदर प्रयोगांपैकी एक वाटते. मारेकरी ढेकणाची मुख्य लालाग्रंथी दोन कप्प्यांची असते: एक पुढचा आणि एक मागचा. हे शरीररचनाशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत होते, पण दोन कप्पे कशासाठी हे स्पष्ट नव्हते. संशोधकांनी काही कीटकांना केवळ त्रास दिला, जणू एखादा शत्रू त्यांना पकडत आहे. काहींच्या शरीराला सौम्य विद्युत धक्का देऊन स्राव मिळवला. दोन्ही स्रावांची रचना वेगळी निघाली. त्रास दिल्यावर बाहेर येणारा स्राव पुढच्या कप्प्यातील प्रथिनांशी जुळत होता, तर विद्युत धक्क्याने मिळालेला स्राव मागच्या कप्प्याशी. मग दोन्ही रातकिड्यांच्या शरीरात टोचून पाहण्यात आले. मागच्या कप्प्यातील विषाने रातकिड्यांना लकवा आला आणि ते मेले; पुढच्या कप्प्यातील विषाने तसे काहीच झाले नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचा अर्थ असा की एकच कीटक दोन वेगवेगळी विषे वेगवेगळ्या कप्प्यांत साठवतो आणि समोर भक्ष्य आहे की शत्रू, यानुसार त्यातले एक वापरतो. पुढच्या कप्प्याचा संबंध संरक्षणाशी असावा, असे यावरून दिसते.

हे दोन कप्पे मारेकरी ढेकणांनी शून्यातून निर्माण केलेले नाहीत. झाडाचा रस पिणारे अनेक ढेकूणही दोन प्रकारची लाळ तयार करतात: एक पातळ, एन्झाइमे असलेली, आणि दुसरी हवेत किंवा पानाच्या पेशींत शिरताच घट्ट होऊन सुयांभोवती नळीसारखे आवरण बनवणारी. उपलब्ध पुराव्यांवरून असे मानले जाते की हेटेरोप्टेराचे पूर्वज रस पिणाऱ्या कीटकांतून आले, या उपगणाच्या उगमाच्या सुमारास त्यांनी शिकारीकडे मोर्चा वळवला आणि पुढे त्यांतील अनेक शाखा पुन्हा वनस्पतींकडे परतल्या. एवढ्यावर हा प्रवास थांबला नाही. उग्र वासाच्या ढेकणांच्या, म्हणजे बहुतांशी शाकाहारी असलेल्या कुटुंबातील ॲसोपिनी नावाचा एक गट पुन्हा शिकारी झाला आणि आज तो अळ्या मारून खातो. आहार बदलला तशी लाळ बदलली. सोंड मात्र तीच राहिली.

पाण्यातील मोठ्या ढेकणांबद्दल थोडक्यात सांगणे पुरे. लेथोसेरस या प्रजातीतील काही ढेकूण १० सेंटिमीटरहून लांब वाढतात आणि मासे, बेडूक, प्रसंगी लहान साप व कासवांची पिल्लेही पकडतात. त्यांच्या दंशाच्या वेदना माणसाला दीर्घकाळ लक्षात राहाव्यात एवढ्या तीव्र असतात. त्यांच्या विषाचा अभ्यास झाला तेव्हा मारेकरी ढेकणांच्या विषातील काही प्रथिन-कुळे तिथेही आढळली. हे दोन गट फार पूर्वी वेगळे झालेले असल्यामुळे या प्रथिनांचा विषातील वापर अतिप्राचीन असावा, असा निष्कर्ष काढण्यात आला.

न दुखवता रक्त घेणे

शिकाऱ्याला भक्ष्य मेले तर चालते. रक्त पिणाऱ्याला ते परवडत नाही. उलट यजमानाला आपण टोचले जात आहोत हे कळताही कामा नये. मारेकरी ढेकणांच्याच कुटुंबातील ट्रायटोमिनी हा गट कणा असलेल्या प्राण्यांचे रक्त पिऊ लागला आणि त्याची लाळ संपूर्ण वेगळ्या दिशेने घडली. दक्षिण अमेरिकेत ‘विंचुका’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या ढेकणाशी चार्ल्स डार्विन यांची गाठ मार्च १८३५ मध्ये अर्जेंटिनातील मेंडोसाजवळ पडली होती. अंगावरून सरपटणाऱ्या या काळ्या, बिनपंखी ढेकणांची त्यांना किळस आली. पण एका ढेकणासमोर बोट धरल्यावर तो बेधडक सोंड पुढे करून रक्त पिऊ लागतो आणि तरीही वेदना होत नाहीत, अशीही नोंद त्यांनी केली. दहा मिनिटांच्या आत त्याचे चपटे शरीर रक्ताने फुगून गोल झाले होते.

ही वेदनारहितता आपोआप आलेली नाही. ट्रायटोमा इन्फेस्टन्स या जातीच्या लाळेमुळे चेतापेशींतील सोडियम मार्गिकांचे काम मंदावते, असे १९९९ मध्ये दाखवण्यात आले. सोडियम मार्गिका म्हणजे चेतापेशीच्या पटलातील अशी प्रथिने की ज्यांतून सोडियमचे आयन आत शिरले तरच चेतासंदेश पुढे सरकतो. दंतवैद्य हिरडीत जे भूल देणारे इंजेक्शन देतात तेही याच मार्गिका अडवून काम करते. वेदनेवर उपाय झाल्यावरही दोन मोठे अडथळे उरतात: टोचलेल्या जागी रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्त गोठू लागते.

पहिल्या अडथळ्यावर रोडनियस प्रोलिक्सस या ढेकणाने शोधलेला उपाय पाहिला की रसायनशास्त्राचा विद्यार्थीही थक्क होतो. या ढेकणाच्या लालाग्रंथी चेरीसारख्या लाल असतात. हा लाल रंग प्यायलेल्या रक्ताचा नसून नायट्रोफोरिन नावाच्या प्रथिनांचा आहे. हिमोग्लोबिनप्रमाणे त्यांच्यातही लोह असलेला हीम हा घटक असतो, पण त्याचे काम प्राणवायू वाहून नेण्याचे नाही. तो नायट्रिक ऑक्साइड हा वायू धरून ठेवतो. नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिनीच्या भिंतीतील स्नायू सैल करतो. हृदयशूळासाठी जिभेखाली ठेवल्या जाणाऱ्या नायट्रोग्लिसरिनच्या गोळीचा परिणामही याच वायूमार्फत होतो आणि त्याच्या या भूमिकेच्या शोधाला १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र हा वायू अत्यंत अस्थिर असतो आणि शरीरात क्षणांत नष्ट होतो. मग तो साठवायचा कसा? ढेकणाच्या लालाग्रंथीतील द्रव किंचित आम्लधर्मी असतो आणि त्या अवस्थेत नायट्रोफोरिन वायूला घट्ट धरून ठेवते. लाळ यजमानाच्या ऊतींत जाते तेव्हा तिथला सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) सुमारे ७.४ असतो, या बदलामुळे प्रथिनाची पकड सैल होते आणि वायू नेमका जिथे हवा तिथेच सुटतो. गोष्ट इथे संपत नाही. मोकळ्या झालेल्या जागेत तेच प्रथिन हिस्टामिनला पकडते. हिस्टामिन म्हणजे दंशाच्या जागी खाज आणि सूज आणणारे रसायन. ते अडकवून ठेवले की यजमानाचे लक्ष दंशाकडे जाण्याची शक्यता आणखी कमी होते.

अंथरुणातील ढेकणाच्या लाळेतही नायट्रिक ऑक्साइड वाहून नेणारे हीमयुक्त प्रथिन आहे. परंतु त्याची घडण रोडनियसच्या प्रथिनाशी जुळत नाही. ती एका पूर्णपणे वेगळ्या प्रथिन-कुळातून आली आहे. म्हणजे रक्त पिण्याची सवय या दोन गटांत स्वतंत्रपणे लागली आणि दोघांनीही एकच युक्ती वेगवेगळ्या कच्च्या मालातून तयार केली.

दुसरा अडथळा रक्त गोठण्याचा. रक्त गोठण्याची क्रिया अनेक टप्प्यांची असते आणि रक्तपिपासू ढेकूण जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर हस्तक्षेप करतात. रोडनियसच्या लाळेतील एक प्रथिन एडीपी हा रेणू पकडते. एडीपीचा संदेश न मिळाल्यामुळे प्लेटलेट्स एकत्र येत नाहीत. एक नायट्रोफोरिन गोठण्याच्या साखळीतील मधल्या टप्प्यालाही अडवते. ट्रायटोमा पॅलिडिपेनिस या जातीच्या लाळेतील ‘ट्रायबिन’ हे थ्रॉम्बिन या अंतिम टप्प्यातील एन्झाइमाला रोखते, तेही त्याच्या क्रियाशील भागाला हात न लावता, फायब्रिनोजेन (गुठळीचे धागे ज्यापासून बनतात ते प्रथिन) जिथे येऊन चिकटते त्या शेजारच्या जागेवर बसून. रक्त पोटात गेल्यावरही गोठता कामा नये, म्हणून ढेकणाच्या आतड्यातही अशी प्रथिने असतात. पुढे औषधाच्या संदर्भात ज्याचा उल्लेख येईल ते ‘इन्फेस्टिन’ अशाच आतड्यातील प्रथिनांपैकी एक आहे. काटेकोरपणे पाहता ते विष नाही, पण ते त्याच गरजेतून निर्माण झाले आहे.

इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ट्रायटोमिनी ढेकूण चागास रोग पसरवतात. ब्राझीलचे वैद्य कार्लोस चागास यांनी १९०९ मध्ये या रोगाचे वर्णन केले. परंतु या रोगाचा ट्रिपॅनोसोमा क्रूझी हा परजीवी लाळेतून नव्हे, तर ढेकणाच्या विष्ठेतून माणसाच्या शरीरात शिरतो. दंशाच्या जागी खाजवताना विष्ठा जखमेत किंवा डोळ्यात गेल्याने संसर्ग होतो. लाळेचा स्वतःचा धोका वेगळ्या प्रकारचा आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागात आढळणाऱ्या ट्रायटोमा प्रोट्रॅक्टाच्या लाळेतील ‘प्रोकॅलिन’ या प्रथिनाची काही लोकांना ॲलर्जी असते आणि अशा व्यक्तीला या ढेकणाचा दंश झाल्यास जीवघेणी प्रतिक्रिया येऊ शकते. विषातील रेणू औषध म्हणून वापरण्याच्या चर्चेत ही बाब विसरून चालत नाही, कारण परकीय प्रथिनाला आपली रोगप्रतिकारशक्ती कधी कसा प्रतिसाद देईल हे आधीपासून सांगता येत नाही.

औषधांच्या शक्यता

विषातून औषध ही कल्पना नवीन नाही. रक्तदाबावरील कॅप्टोप्रिल हे औषध ब्राझीलमधील एका घोणसवर्गीय सापाच्या विषाच्या अभ्यासातून जन्मले, तर मधुमेहावरील एक्झेनाटाइड हे गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेतील पेप्टाइडवरून, म्हणजे प्रथिनासारख्याच पण लहान रेणूवरून, आले. ढेकणाच्या विषातून मात्र असे औषध अद्याप बाजारात आलेले नाही. म्हणून ‘ढेकणाचे विष कर्करोगावर गुणकारी’ छापाचे मथळे वाचताना सावध राहिलेले बरे. खऱ्या शक्यता तेवढ्या झगमगीत नाहीत, पण अधिक विचार करण्याजोग्या आहेत.

वेदनाशमनापासून सुरुवात करू. पायरेट्स टर्पिस या मारेकरी ढेकणाच्या लाळेतून २००१ मध्ये ‘पीटीयू १’ नावाचे पेप्टाइड वेगळे करण्यात आले. ते फक्त ३४ ॲमिनो आम्लांचे आहे आणि गंधकाच्या तीन बंधांनी ते स्वतःभोवती गाठ मारल्यासारखे घट्ट झाले आहे. अशा गाठीच्या रचनेमुळे पेप्टाइडला उष्णता आणि पाचक एन्झाइमे सहज मोडू शकत नाहीत. हे पेप्टाइड चेतापेशींतील एन-प्रकारच्या कॅल्शियम मार्गिकांना अडवते आणि मज्जारज्जूमध्ये वेदनेचा संदेश एका पेशीकडून दुसरीकडे जाण्यात याच मार्गिकांचा मोठा सहभाग असतो. समुद्रातील शंखगोगलगाईच्या विषातील एक पेप्टाइड याच मार्गिकेवर काम करते आणि त्यापासून तयार झालेल्या झिकोनोटाइड या औषधाला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली. ढेकणाच्या पेप्टाइडची पकड गोगलगाईच्या पेप्टाइडइतकी मजबूत नाही. ती कमी ताकदीची आणि सुटणारी आहे. शिवाय झिकोनोटाइड गोळी म्हणून घेता येत नाही. ते पंपाद्वारे थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडावे लागते, कारण असे पेप्टाइड रक्तातून चेतासंस्थेत पोहोचत नाही. पीटीयू १ ला हीच अडचण येणार. तेव्हा त्याचे मोल तूर्तास मार्गिकेची रचना समजून घेण्याचे साधन म्हणून जास्त आहे.

रक्त गोठण्याच्या क्षेत्रातील कहाणी बरीच पुढे गेलेली आहे. रक्त पातळ ठेवणाऱ्या आजच्या बहुतेक औषधांचा एक मोठा दोष असा की ती अपायकारक गुठळी रोखतात तशीच जखम भरण्यासाठी लागणारी गुठळीही रोखतात, त्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. रक्त गोठण्याच्या साखळीत ‘घटक १२’ नावाचा एक दुवा आहे. जन्मतः हा घटक नसलेल्या व्यक्तींना जखमेतून जास्त रक्त वाहण्याचा त्रास होत नाही. म्हणजे जखम बंद करण्यासाठी तो अत्यावश्यक नसावा. मात्र रक्तवाहिनीत धोकादायक गुठळी वाढण्यात त्याचा हात असल्याचे उंदरांवरील प्रयोगांतून दिसले. मग फक्त हाच घटक रोखला तर? ट्रायटोमा इन्फेस्टन्सच्या आतड्यातील इन्फेस्टिन या प्रथिनाचा चौथा तुकडा नेमका सक्रिय घटक १२ ला अडवतो. तो अल्ब्युमिन या मानवी रक्तातील प्रथिनाला जोडून तयार केलेल्या रेणूने उंदरांमध्ये गुठळ्या होण्यास प्रतिबंध केला आणि रक्तस्राव मात्र वाढला नाही, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले.

हा रेणू औषध झाला नाही. सीएसएल बेहरिंग या कंपनीने पुढे त्याच लक्ष्यावर, म्हणजे सक्रिय घटक १२ वर, काम करणारा मानवी प्रतिपिंड (ठरावीक लक्ष्याला चिकटणारे, रोगप्रतिकारशक्तीचे प्रथिन) विकसित केला. घटक १२ शरीरात सूज आणणाऱ्या एका साखळीलाही चालना देतो, त्यामुळे त्या प्रतिपिंडापासून बनलेल्या गॅराडासिमॅब या औषधाचा उपयोग अखेर गुठळ्यांसाठी नव्हे, तर वारंवार धोकादायक सूज येणाऱ्या आनुवंशिक अँजिओएडेमा या विकारासाठी ठरला आणि २०२५ मध्ये अनेक देशांत त्याला मान्यता मिळाली. त्या औषधात ढेकणाचा एकही अणू नाही. तरीही ‘हे लक्ष्य अडवले तर शरीराला अपाय होत नाही’ हे प्राण्यांमध्ये दाखवून देण्यात ढेकणाच्या प्रथिनाचा वाटा होता. विषातील रेणूंचा उपयोग बहुधा याच स्वरूपाचा असतो, असे मला वाटते: ते स्वतः औषध होण्याऐवजी कुठे हात घालावा हे दाखवतात.

जंतूंविरुद्धच्या उपयोगांबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. ट्रायटोमा इन्फेस्टन्सच्या लाळेतील ‘ट्रायलायसिन’ हे प्रथिन पेशींच्या पटलाला छिद्रे पाडून जिवाणूंना आणि चागास रोगाच्या परजीवीलाही मारते. ग्रंथीत ते निष्क्रिय रूपात असते आणि लाळ बाहेर पडताना एका एन्झाइमाने त्याचा तुकडा कापल्यावर सक्रिय होते, अन्यथा त्याने ढेकणाच्या स्वतःच्याच पेशी फोडल्या असत्या. त्याच्या टोकाच्या भागावरून बनवलेली लहान कृत्रिम पेप्टाइडेही परजीवीला मारू शकतात. अडचण अशी की पटल फोडणारा रेणू जंतू आणि रुग्ण यांच्यात पुरेसा भेद करतोच असे नाही.

पिकांवरील किडींसाठी

कीटकांना मारण्यासाठी घडलेले विष कीटकनाशक म्हणून वापरावे, हा विचार सर्वांत सरळ वाटतो. भक्ष्य स्वतः कीटक असल्यामुळे विषातील काही घटक कीटकांच्या चेतासंस्थेवर नेमके काम करत असतील, ही अपेक्षाही रास्त आहे. ऱ्हायनोकोरिस मार्जिनेटस या मारेकरी ढेकणाच्या विषातून पाने खाणाऱ्या स्पोडोप्टेरा लिट्युरा या अळीला अपायकारक ठरणारी पेप्टाइडे वेगळी करण्यात आली आहेत. परंतु ढेकूण हे विष सोंडेने थेट अळीच्या शरीरपोकळीत सोडतो, तर फवारलेले कीटकनाशक अळीच्या तोंडावाटे आत जाते. तिथे पचनाचे एन्झाइम त्याचे तुकडे करतात आणि वाचलेला भाग आतड्याची भिंत ओलांडू शकेलच असे नाही. ही अडचण सोडवता येत नाही असे नाही: ऑस्ट्रेलियातील एका कोळ्याच्या विषातील पेप्टाइडवर आधारलेले कीटकनाशक अमेरिकेत २०१४ मध्ये नोंदले गेले आहे. तेही गाठीच्या रचनेचे पेप्टाइड आहे, त्यामुळे मारेकरी ढेकणांच्या तशाच पेप्टाइडांकडे संशोधकांचे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. मात्र कोणतेही विषारी पेप्टाइड शेतात वापरण्याआधी मधमाश्या आणि इतर उपयुक्त कीटकांवर त्याचा काय परिणाम होतो हे तपासावेच लागते.

दरम्यान, विष बाटलीत न भरता ते बनवणाऱ्या कीटकालाच कामाला लावण्याचा मार्ग आधीपासून वापरात आहे. ओरियस हे जेमतेम २ ते ३ मिलिमीटर लांबीचे शिकारी ढेकूण फुलकिड्यांच्या नियंत्रणासाठी हरितगृहांत सोडले जातात आणि ॲसोपिनी गटातील पोडिसस हे अळ्यांविरुद्ध वापरले जातात. असा मित्रकीटक स्वतः शिकार शोधतो, स्वतः विष टोचतो आणि योग्य परिस्थितीत वाढतही राहतो. टोमॅटोवरील पांढऱ्या माशीसाठी नेसिडिओकोरिस टेन्युइस हा ढेकूणही उपयोगी पडतो, पण त्याच्याबाबत उत्पादकांना लक्ष ठेवावे लागते. शिकार विपुल असेपर्यंत तो पांढरी माशी खातो. ती कमी झाली की तीच सोंड टोमॅटोच्या कोवळ्या खोडात खुपसून रस पितो आणि त्या जागी खोडाभोवती तपकिरी, मृत पेशींची कडी उमटतात.